उंदरांवरचा आळ

२ ऑगस्ट

उंदरे,

पत्र मिळालं. ‘फोन का घेत नाहीस’ असं तुझी आई पुन्हा म्हणाली. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरते. मग तीन दिवस नसत्या काळजीत जातात. त्यापेक्षा कागद बरा, तो दोनदा वाचता येतो.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेलीस, प्रबंधाला विषय मिळाला, चांगलं झालं. चार वर्षांची असताना तू माझं परस उकरून ठेवलं होतंस, तेव्हा तुझ्या काकांनीच तुला उंदीर हे नाव ठेवलं. तू त्यांच्याच पुरातत्त्व विभागात शिकायला गेलीस हे पाहायला ते हवे होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. अजून मी संध्याकाळी दोन कप खाली काढते आणि एक परत ठेवते.

परवा तुझे बाबा येऊन गेले. म्हणाले, “माती उकरायला रोजावर माणसं मिळतात. त्यासाठी एवढं शिकायचं?” मी म्हटलं, “उकरणारा वेगळा आणि उकरलं ते काय हे सांगणारा वेगळा.” तर म्हणाले, “आणि त्या सांगणाऱ्याला पगार कोण देतं?” याचं उत्तर तू कळव, म्हणजे पुढच्या वेळी तोंडावर मारता येईल.

गेल्या खेपेला तू स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं चिकटवून गेलीस, ती मी काढली. रागावू नकोस. आपल्याकडे चिठ्ठी डब्याच्या आत असते, धान्यात खुपसलेली. ही यांची शिकवण. झाकण बदलतं, डबा बदलतो, पण आतला माल आणि आतली चिठ्ठी एकमेकांना सोडत नाहीत.

तुझी मावशी

१९ ऑगस्ट

मावशी,

‘तीर्थरूप’ वगैरे लिहिलं की तू हसतेस, म्हणून थेट सुरुवात.

बाबांना सांग, पगार देणारे पुष्कळ आहेत, कमी देतात एवढंच. सर्वेक्षण खातं आहे, संग्रहालयं आहेत, कॉलेजात शिकवता येतं. कुठं रस्ता किंवा धरण व्हायचं असलं की आधी जमीन तपासायला आमच्यासारख्यांना नेतात. आमच्या वर्गातली एक मुलगी फक्त जुनी हाडं बघते, दुसरा एकजण नकाशे करतो. आणि काहीच नाही जमलं तर रोजावर माती उकरेन, तिथं माणसं लागतात हे बाबांनीच सांगितलंय.

आता खरी बातमी. मला नदीकाठच्या टेकाडावरचं जुनं साहित्य दिलंय. काकांच्या वेळचं! अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘आरेखन’ म्हणून त्यांचं नाव आहे. त्यांनी काढलेली खापरांची चित्रं बघत बसले की वेळ जातो. प्रत्येक काठाचा बाक, प्रत्येक रेघ.

तुला थरांचं माहीतच आहे. वरचा पहिला. खाली जावं तसा आकडा वाढतो आणि काळ मागे जातो. तांबड्यावर काळ्या रेघा काढलेली भांडी सगळ्या टेकाडात चौथ्या थराच्या खाली सापडत नाहीत. पण एका पिशवीत अशी तेवीस खापरं आहेत आणि त्यांच्यावर क्रमांक आहे नवव्या थराचा. म्हणजे रंगकाम करणारे कुंभार इथं कितीतरी शतकं आधी आले होते. जुन्या अहवालात यावर एकच तळटीप आहे: ‘उंदरांच्या बिळांतून वरची खापरे खाली गेली असावीत.’ मी खड्ड्याच्या चारही बाजूंची चित्रं तपासली. एकही बीळ दाखवलेलं नाही. इतकी वर्षं उंदरांवर खोटा आळ! माझ्या जातभाईंची सुटका मीच करणार.

सर म्हणतात, पटवून दिलंस तर हाच प्रबंध पुढच्या संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवून देईल. दहा नोव्हेंबरला मुलाखत आहे.

एक विचारायचं आहे. अहवाल तयार होत होता त्या वर्षी काका आजारी होते असं सर म्हणाले. त्या पिशवीतल्या खापरांवर क्रमांक कुणी घातले होते, तुला आठवतं?

तुझी उंदीर

५ सप्टेंबर

उंदरे,

क्रमांक यांचेच. आणखी कोण घालणार?

विषयाचं म्हणशील तर मला वाटतं, दुसरा घ्यावास. तेवीस तुकड्यांवर एवढी इमारत कशाला? टेकाडात इतर पुष्कळ असेल. मणी आहेत, चुली आहेत. मोठ्या माणसांनी एखादी गोष्ट तळटिपेत टाकली तर त्यालाही काही कारण असेल. उंदीर खरोखरही असतील. ते काय कुणाला दाखवून जातात?

माझे गुडघे आहेत तसेच. वाचनालयातून जाड पुस्तक आणलंय, पण लक्ष लागत नाही.

मावशी

२४ सप्टेंबर

मावशी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. बाबा असं बोलले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

मला माहीत आहे, तू शाळा सुटल्यावर काकांची पुस्तकं वाचून शिकलीस. आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुक आहे. पण घरी बसून वाचणं वेगळं आणि पुराव्यावर काम करणं वेगळं. मणी आणि चुलींवर आजवर दहाजणांनी लिहिलंय. मला एकदा तरी काहीतरी माझं सापडलंय, आणि तू म्हणतेस सोडून दे. तू पण बाबांसारखीच घाबरतेस का?

असो. तुझ्या उत्तराचा उपयोग झाला. सरांनी विचारलं होतं की क्रमांक भरवशाचे कशावरून. मी प्रबंधात वाक्य घातलं: ‘क्रमांकन आरेखकांनी स्वतः केले असून त्यांच्या कुटुंबीयांकडून याची खात्री करून घेतली आहे.’ कुटुंबीय म्हणजे तू. सरांना तेवढं पुरलं.

उंदीर

६ ऑक्टोबर

बाळ,

ते वाक्य काढ. आधी ते काढ आणि मग पुढचं वाच.

क्रमांक मी घातलेत. मी तुला खोटं लिहिलं.

त्या वर्षी यांना कावीळ झाली होती. सहा आठवडे अंथरुणावर होते. अहवाल छापायला जायचा होता आणि यांचे साहेब चित्रांसाठी घाई करत होते. विभागातून माल घरी आणायचा नाही असा नियम होता. तरी यांनी दोन पिशव्या आणवल्या, उशीला टेकून चित्रं काढीन म्हणाले. पिशव्या न धुतलेल्या होत्या, क्रमांकही घातलेले नव्हते. प्रत्येकीला एक चिठ्ठी बांधलेली होती. एक चौथ्या थराची, एक नवव्या थराची.

मी म्हटलं, एवढं मी करते. धुणं तर मी आधीही केलं होतं. गच्चीत दोन जुन्या चादरी अंथरल्या, एकीवर एका पिशवीतली खापरं, दुसरीवर दुसऱ्या पिशवीतली. चिठ्ठ्या चादरींच्या बाजूला दगडाखाली ठेवल्या. दुपारी पाण्याच्या टाकीची सावली डाव्या चादरीवर आली. ओल्या खापरावर शाई फुटते. म्हणून मी डावी चादर चारी कोपरे धरून उचलली आणि उन्हात उजवीकडे नेली. तिथली उजवी वाळली होती, ती डावीकडे सारली. धान्य वाळत घालताना बाई जे करते तेच केलं. चिठ्ठ्या दगडाखाली होत्या, तिथंच राहिल्या.

मग खाली बसून बारीक टाकानं एकेका खापराच्या आतल्या बाजूला क्रमांक घातले. शोभून दिसावं म्हणून यांच्या वळणाचे आकडे काढले. यांचा चार वरून उघडा असायचा, तसाच काढला. शाई पुसू नये म्हणून वरून बिनरंगी नेलपॉलिश फिरवलं. संध्याकाळी यांनी पाहिलं आणि म्हणाले, “अगं, तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.” यांनी चित्रं पुरी केली आणि पिशव्या परत गेल्या. साहेबांनीसुद्धा निरोप पाठवला की आजारपणात इतकं नीट काम पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं मी गच्चीत गाद्या वाळत घातल्या. टाकीची सावली आली, गादी उचलली, आणि माझे हात तिथंच थांबले: चादरी मी हलवल्या होत्या, चिठ्ठ्या नाही.

तेव्हा का बोलले नाही, हे मी इतकी वर्षं स्वतःला एकाच पद्धतीनं सांगत आले. माल घरी आणला हे कळलं असतं तर यांची नोकरी गेली असती. ते खरंच आहे. पण पुरतं खरं नाही. सातवीत शाळा सुटलेल्या बाईचं काम साहेबांनी वाखाणलं होतं. मला माहीत होतं ते माझं काम आहे. ते मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी मी गप्प बसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, यांना तर नाहीच.

अहवाल घरी आला तेव्हा ती तळटीप मी वाचली. उंदरांनी खापरं खाली नेली असावीत. मला हायसं वाटलं ग. एका माणसानं बिनशिकलेल्या बाईची चूक बिचाऱ्या जनावरांवर घातली, आणि ती बाई पदराआड हसली. माझा तेव्हाचा चेहरा आठवला की आज मान वर होत नाही.

मग तू त्या पिशवीपाशी जाऊन बसलीस. इतक्या पिशव्यांतून तीच. आणि मी मणी घे, चुली घे म्हणत राहिले. तू म्हणालीस मी घाबरते. बरोबर म्हणालीस, फक्त तुझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

हे पत्र सरांना दाखव. अहवालाच्या शेवटच्या पानावर यांचं नाव आहे. त्यांना या जगात तेवढंच मिळालं. त्याला माझ्यामुळे डाग लागू नये एवढंच जमलं तर बघ. नाही जमलं तर नाही.

मावशी

२७ ऑक्टोबर

उंदरे,

एकवीस दिवस झाले. पोस्टमनला मी रोज फाटकापाशी उभी दिसते, काल तो म्हणाला, “आजी, पत्र आलं तर मी हाक मारीन की.”

शिव्या द्यायच्या असतील तर दे. पण दे. मुलाखतीला खरं सांगून जा.

मावशी

१५ नोव्हेंबर

मावशी,

शिव्या द्यायला बसले होते, तीनदा. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य तुला लिहायचं आणि दुसरं मला लागू व्हायचं. म्हणून पत्र गेलं नाही.

मला माहीत होतं. टाकी, चादरी हे नव्हतं माहीत. पण क्रमांक चुकलेत हे मला जुलैपासून माहीत होतं.

विभागाच्या कोठारात आम्ही जोड लावून बघतो. एका भांड्याचे तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत गेलेले असतात, ते कडेला कड लावून जुळवायचे. जुलैत मी त्या तेवीसातला एक काठ हातात घेतला आणि चौथ्या थराच्या दुसऱ्याच पिशवीतल्या एका तुकड्याला सहज लावून पाहिला. टक्क बसला. काळी रेघ एकाची दुसऱ्यात गेली. एकच वाडगा, मावशी. एकच वाडगा दोन काळांत कसा असेल? मी आजूबाजूला पाहिलं. कोठारात कुणी नव्हतं. मी दोन्ही तुकडे वेगळे केले आणि एक वरच्या खणात, एक खालच्या खणात ठेवून दिला. वर दुसरी खापरं टाकली.

त्यानंतर एका महिन्यानं तुला उंदरांची गंमत लिहिली. तू विषय बदल म्हणालीस तेव्हा वाटलं, हिला कळलं. म्हणून तसं तोडून लिहिलं. ‘घरी बसून वाचणं वेगळं’ हे वाक्य मला रोज आठवतं. तुझी चूक उन्हामुळे झाली. मी मात्र डोळे उघडे ठेवून खण बंद केला.

तुझं पत्र आल्यावर दोन आठवडे मी तेही खणात ठेवलं होतं. हेही सांगून टाकते. मग तुझं दुसरं आलं, त्या पोस्टमनचं. दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे घेऊन सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते जोडले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. “कधी सापडलं?” “जुलैत.” “आणि मला कधी दाखवते आहेस?” चहा आला, तो तसाच थंड झाला.

दहा तारखेला मुलाखतीत मीच आधी सांगितलं. समितीतल्या एक बाई म्हणाल्या, “प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण हा प्रामाणिकपणा चार महिने कुठे होता?” शिष्यवृत्ती दुसऱ्याला मिळाली. मिळायलाच हवी होती. सरांनी प्रबंधाचा विषय बदलून दिलाय: टेकाडाच्या सहाशे पिशव्यांचे क्रमांक तपासून चुका शोधायच्या. पास झाले तर त्याच कोठारात वर्षभर काम मिळेल, नोंदणीचं. बाबा म्हणाले, “दोन पदव्या आणि पोत्यांची राखण.”

एक गोष्ट राहिली. तुझ्यासाठी काकांचं मूळ चित्र काढून पाहायला गेले. छापताना पानाची फक्त पुढची बाजू वापरतात, मागे कुणी बघत नाही. मी पालथं केलं. मागे कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय. पिशव्या परत गेल्या त्यानंतर अकरा दिवसांची तारीख आहे. त्याची प्रत सोबत पाठवते. सरांनीही ते वाचलंय.

तुझी
(उंदीर म्हणायची लाज वाटते, उंदरांनी काहीच केलं नव्हतं)

२३ नोव्हेंबर

उंदरे,

नाव तेच ठेव. यांनी दिलेलं आहे.

प्रत मिळाली. भिंग घेऊन वाचली, पण भिंगाची गरज नव्हती. ‘क्र. २ च्या पिशवीतील खापरांवरील आकडे घरी, माझ्या हातून पडले आहेत. आजारपणात लक्ष नव्हते. थर खात्रीचा धरू नये.’ खाली सही.

माझ्या हातून, म्हणतात.

त्यांना कळणारच होतं. तेवीस खापरं एकेक करून हातात धरून काढली होती त्यांनी. तो रंग नवव्या थरातला नाही हे त्यांना कळणार नाही तर कुणाला? आणि आकडे कुणाचे हेही त्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी मीच तर त्यांना दाखवले होते. पुढच्या बाजूला लिहायचं धैर्य त्यांनाही झालं नाही. लिहिलं असंही म्हणता यावं आणि कुणी वाचूही नये, अशा जागी लिहिलं. ते मी त्यांना माफ करते, कारण मी तेवढंही केलं नाही.

पण मला वाटत होतं, मी त्यांचं नाव सांभाळते आहे. इकडे ते माझं सांभाळून बसले होते. एकाच चुकीवर दोघांनी दोन बाजूंनी पांघरूण घातलं, आणि एकाच घरात इतकी वर्षं जेवलो. एकदा जरी कुणी बोललं असतं तर दोघं हसलो असतो कदाचित. आता ते हसणं कुणाबरोबर करू?

आणखी एक. काल डब्यातून तांदूळ काढताना हाताला चिठ्ठी लागली आणि मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. चिठ्ठी आत ठेवायचं यांनी मला शिकवलं ते त्याच महिन्यात. कावीळ उतरली होती, नुकते चालायला लागले होते. स्वयंपाकघरात आले, एक डबा उघडला, कागदाचा कपटा आत खुपसला आणि म्हणाले, “चिठ्ठी मालाच्या बाजूला ठेवू नये बघ, मालाच्या आत ठेवावी. म्हणजे कुणी कुठेही उचलून नेलं तरी चालतं.” मी विचारलं, “आज हे मध्येच काय?” तर म्हणाले, “सहज.” मी तेव्हा हसले. ते एवढंच बोलू शकले आणि मला एवढंही समजलं नाही.

तुला लाज वाटते, वाटू दे. घालवायची घाई करू नकोस. मी घाई केली होती, उंदरांच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. तशी ती जात नाही, नुसती खाली बसते आणि तिच्यावर एकेक वर्ष चढत जातं. सहाशे पिशव्या तपासायच्या असल्या तर तपास. बाबांना सांग, पोती राखणारं माणूस चांगलं असलं तर वर बसलेल्यांची इमारत उभी राहते. हे उत्तर मला उशिरा सुचलं.

मी गुरुवारी सकाळच्या गाडीनं येते. गुडघ्यांचं मी बघते, तू फक्त स्टँडवर ये. सरांना विचारून ठेव की ते पान मला दहा मिनिटं मिळेल का. नवं काही नको, टाक मी माझा आणते. यांच्या ओळीखाली जागा आहे, मी प्रतीत पाहिलं. तिथं लिहायचं आहे की हात यांचा नव्हता, यांच्या बायकोचा होता, आणि चादरी तिनं हलवल्या.

या वेळी अक्षर यांच्यासारखं काढणार नाही. माझं जसं येतं तसं येईल.

तुझी मावशी